एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं

नागपूरच्या महाल भागात आमच्या भाऊजींचं हिशोबाचं छोटंसं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक कूलर, जीएसटीच्या फायलींनी वाकलेलं कपाट आणि २०१८ साली घेतलेला एक लॅपटॉप. २०२५च्या दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी ते हा लॅपटॉप रेक्झिनच्या पिशवीत घालून आमच्याकडे आले. एका हातात तर्री पोह्यांची प्लेट, दुसऱ्या हातानं स्क्रीन माझ्याकडे वळवलेली. पडदाभर एकच सूचना: विंडोज १०चे दिवस भरले.

"काहून रे, चालते ना हा चांगला? मग याला म्हातारा कोणं ठरवलं?"

ठरवलं मायक्रोसॉफ्टनं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची अपडेट बंद झाली. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. भाऊजींचा आय-फाइव्ह सातव्या पिढीचा. एका पिढीनं हुकलं. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदतवाढ मिळाली, पण मुदतवाढ ती मुदतवाढच.

बरं, विंडोज पुसूनही टाकता येत नाही. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, आणि रिटर्नवर डिजिटल सही करायचा तो यूएसबी टोकनही तिथेच सुखानं नांदतो. बाकीचं सगळं काम (मेल, बँक, सरकारी पोर्टल, रात्रीचं यूट्यूब) ब्राउझरमध्ये. म्हणून ठरलं असं की विंडोज टॅलीपुरतं राहू द्यायचं, इंटरनेटचा सगळा वावर नव्या सिस्टिमवर न्यायचा. नवी सिस्टिम लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. त्यातही मी सुचवली ती 'इमेज-आधारित लिनक्स'. हा शब्द हल्ली बराच कानावर येतो, आणि तो ऐकून बहुतेकांना फोटोंचं काहीतरी असावं असं वाटतं. भाऊजींनाही वाटलं होतं.

भिंतीवरचं कॅलेंडर

नेहमीची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे महालातला जुना वाडा. एकानं १९६०मध्ये वायरिंग केलं, दुसऱ्यानं त्यावर नळ नेला, तिसऱ्यानं भिंत फोडून एसी बसवला. प्रत्येक अपडेट म्हणजे असाच एक मिस्त्री. तो चालत्या घरात शिरतो, हजारो फायलींपैकी काही बदलतो, काही तशाच ठेवतो. मधेच वीज गेली तर अर्ध्या फायली नव्या, अर्ध्या जुन्या. दोन लॅपटॉप एकाच दिवशी घेतलेले असले तरी तीन वर्षांनी त्यांच्या आतली फायलींची रचना एकसारखी राहत नाही.

इमेज-आधारित सिस्टिममध्ये मिस्त्री घरात येतच नाही. इमेज म्हणजे संपूर्ण सिस्टिमची तयार, तपासलेली, एकसंध प्रत. भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. छापखान्यातून ते पूर्ण छापून येतं. आपण त्यातल्या तिथ्या खोडून नव्या लिहीत नाही. नवं आलं की त्याच खिळ्यावर जुन्याच्या वर टांगतो. नव्यात छपाईची चूक निघाली तर ते काढायचं. खाली जुनं तसंच लटकलेलं असतं.

तांत्रिक भाषेत सांगायचं तर सिस्टिमचा गाभा फक्त वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. अपडेट आलं की नवी प्रत शेजारी तयार होते, चालू प्रतीला हातही लागत नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की नवी प्रत उघडते. डाउनलोड अर्ध्यात असताना वीज गेली, तरी चालती प्रत जशीच्या तशी. मे महिन्यात वादळी पाऊस आला की आमच्याकडे वीज आधी जाते, थेंब नंतर पडतात. त्यामुळे या गुणाची किंमत मला जरा जास्तच कळते.

यात जगावेगळं काही नाही. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच वळणानं जातो: त्याचा गाभा तुम्हाला बदलता येत नाही, आणि २०१६च्या अँड्रॉइड ७पासून दोन खणांची पद्धत आली, म्हणजे एका खणावर फोन चालू असताना दुसऱ्या खणात अपडेट भरायचं. क्रोमबुकही तसंच चालतं. २०२२मध्ये आलेल्या स्टीम डेक या गेमिंग यंत्रातलं लिनक्सही याच जातीचं.

डेस्कटॉपवर यातलं एक जुनं-जाणतं नाव फेडोरा सिल्व्हरब्लू. हे नाव २०१८मध्ये पुढे आलं. त्याच्या पोटात चालतं ते ओएसट्री, कॉलिन वॉल्टर्स यांनी सुरू केलेलं साधन. ते जुन्या आणि नव्या प्रतीत सारख्या असलेल्या फायली एकदाच साठवतं, म्हणून दोन प्रती ठेवल्या तरी दुप्पट जागा जात नाही. याचंच केडीई डेस्कटॉप (म्हणजे पडद्याची वेगळी मांडणी) असलेलं भावंड काइनोआइट. ब्लूफिन, अरोरा आणि गेम खेळणाऱ्यांचं बझाइट ही युनिव्हर्सल ब्लू या प्रकल्पाची मंडळी याच पायावर उभी आहेत. फक्त व्हिडिओ चालायला लागणारे कोडेक, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर वगैरे त्यांनी आधीच भरून ठेवलेलं असतं. नवख्या माणसानं कोणतं घ्यावं? एनव्हिडियाचं कार्ड असेल तर डोळे मिटून यातलं एक. नसेल तर सिल्व्हरब्लू पुरे.

मग दुधाचा हिशोब कुठे लिहायचा?

शंका रास्त आहे. गाभ्यात लिहिताच येत नाही, तर आपल्या फायली, आपली सॉफ्टवेअरं कुठे जाणार? कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहायची आपली खोड जुनी. इथे त्यासाठी वेगळी वही आहे. तुमची कागदपत्रं, फोटो, सेटिंग गाभ्याच्या बाहेर राहतात. कॅलेंडर कितीही वेळा बदललं तरी वहीला धक्का लागत नाही. एक मधला कोपरा मात्र आहे: यंत्राच्या सेटिंगच्या फायली. त्या दर अपडेटला तपासल्या जातात. तुम्ही बदललेलं तुमचं राहतं, न बदललेलं नव्या प्रतीतून येतं.

सॉफ्टवेअर बहुतांशी फ्लॅटपॅक म्हणून येतं. फ्लॅटपॅक म्हणजे लागणारं सामान सोबत घेऊन येणारं, गाभ्याला न चिकटणारं पॅकेट. लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी हे सगळं फ्लॅटहब या दुकानातून दोन क्लिकवर बसतं. एखादी गोष्ट गाभ्यातच हवी असेल तर तिचा थर वरून चढवता येतो, त्याला लेअरिंग म्हणतात. पण थर वाढले की दर अपडेटला ते पुन्हा चढवावे लागतात, अपडेट रेंगाळतं आणि कधी अडतंही. मी स्वतःला दोन-तीन थरांची मर्यादा घालून घेतली आहे.

वाटणी

आता मूळ मुद्दा. ही सिस्टिम विंडोजच्या शेजारी बसवायची.

डिस्कवरच्या पार्टिशनला मराठीत आयता शब्द आहे: वाटणी. दोन भाऊ वेगळे झाले, वाडा वाटला. चुली वेगळ्या, माजघरं वेगळी. पण रस्त्यावरून आत येताना देवडी एकच, आणि तंटा होतो तो देवडीवरच: सायकल कोणी लावायची, कडी कोणी घालायची.

संगणकातली देवडी म्हणजे ईएफआय पार्टिशन. यंत्र चालू झालं की ते आधी या छोट्या खोलीत डोकावतं आणि विचारतं, कोणाला उठवू? विंडोजचा उठवणारा तिथे, लिनक्सचाही तिथेच. या उठवणाऱ्याला बूटलोडर म्हणतात.

इमेज-आधारित सिस्टिमबद्दल जे काही भक्कमपणाचं सांगितलं जातं, ते सगळं चुलीपाशी, घराच्या आत खरं आहे. देवडीवर ती इतर कोणत्याही लिनक्सइतकीच उघडी असते. आमच्या कॅलेंडरच्या भाषेत, कॅलेंडर बदलतं, खिळा बदलत नाही.

याचा धडा सगळ्यांना ऑगस्ट २०२४मध्ये मिळाला. विंडोजच्या त्या महिन्याच्या अपडेटनं यंत्राच्या सुरक्षा-यादीत जुने, धोकादायक लिनक्स बूटलोडर नाकारण्याची नोंद टाकली. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रांना हे लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते लागलं. अनेकांचं लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं म्हणून उठेनासं झालं. सिल्व्हरब्लूवाल्यांची गोम अशी की सिस्टिम तर दर आठवड्याला ताजी होत होती, पण बूटलोडर इमेजच्या बाहेर असल्यानं बसवला त्या दिवशीचाच राहिला होता. घर नवं, देवडीवरचा दरवान जुन्या ओळखपत्राचा. त्या दिवसांत जुनी प्रत निवडूनही उपयोग नव्हता, कारण दोन्ही प्रतींपर्यंत पोचायची वाट त्याच देवडीतून जाते. फेडोराच्या अलीकडच्या आवृत्त्यांत बूटअपडी नावाचं साधन हा दरवानही अद्ययावत करतं, म्हणून आज बसवताना नवीच आवृत्ती घ्या. मित्राच्या कपाटातला दोन वर्षांपूर्वीचा पेनड्राइव्ह नको.

दुसरा दरवाजा पाडणं

देवडीचा तंटा मिटवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुसरीकडून दरवाजा पाडणं. म्हणजे वेगळी डिस्क.

भाऊजींच्या लॅपटॉपात हेच केलं. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपांत फिरती हार्डडिस्क असते आणि एम-डॉट-टू एसएसडीची जागा रिकामी पडलेली असते. मागचं झाकण उघडलं तर होतीच. वर सात वर्षांची धूळ आणि एक मेलेली मुंगी. सीताबर्डीतून २५६ जीबीची एसएसडी आणली. दुकानदारानं आधी विचारलं, "साटा की एनव्हीएमई?" हे घरून बघून जा, कारण काही जुन्या लॅपटॉपांत दोन्हीपैकी एकच चालते आणि बाहेरून दोघी बहिणी दिसतात.

मग एक काम मुद्दाम केलं: लिनक्स बसवताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवली. इन्स्टॉलरला जी डिस्क दिसतच नाही, ती त्याच्या हातून पुसलीही जात नाही. काम झाल्यावर केबल परत लावली. आता दोन डिस्क, दोन देवड्या. एकीचं दुसरीला ठाऊकही नाही.

एकच डिस्क असेल तर

बहुतेकांची गत हीच आहे. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपाचीही होती, आणि तिथे मी जो गाढवपणा केला तो सांगतो, म्हणजे तुमचा वाचेल.

मी जागा मोकळी केली, पेनड्राइव्ह लावला, बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) सिक्युअर बूटची, म्हणजे अनोळखी बूटलोडर अडवणाऱ्या सोयीची, सेटिंग बदलली. परत विंडोज उघडायला गेलो तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. माझी डिस्क कुलूपबंद होती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावानं विंडोज डिस्कला कुलूप घालतं. नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन केलं की ते पुष्कळदा आपोआप लागतं. यंत्राच्या उठण्यात काही बदल दिसला की ते बिचकून किल्ली मागतं. किल्ली त्या खात्यात साठवलेली असते. माझं खातं ताईच्या जुन्या मोबाइल नंबरावर होतं आणि तो नंबर बंद पडून दोन वर्षं झाली होती. मग काय, पुढचे चार दिवस खातं परत मिळवण्यात गेले.

म्हणून पहिलं काम: मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून घ्या. लॅपटॉपात नको, कागदावर. त्याच बैठकीत महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. टॅलीचा डेटा आहे तिथे 'बघू नंतर' चालत नाही.

दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. हे चालू असलं की 'शट डाउन' केल्यावरही विंडोज खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. धाकटा भाऊ गावाला गेला असं वाटावं आणि तो माजघरात पांघरूण घेऊन पडलेला असावा, तसं. अशा वेळी लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हला हात लावला तर लिहूच देत नाही, आणि बळजबरी केली तर फायली बिघडतात. हायबरनेशन पूर्ण बंद केलं की फास्ट स्टार्टअपही जातं आणि काही जीबी मोकळेही होतात.

मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आकसून घ्या. किती? माझ्या मते ६० जीबीच्या खाली जाऊच नका, १०० असेल तर निवांत. फ्लॅटपॅक सामान सोबत आणतात म्हटलं ना, त्या सामानालाही जागा लागते. कधी विंडोज म्हणतं की भरपूर जागा रिकामी आहे पण पाचच जीबी सोडीन. हलवता न येणाऱ्या काही फायली शेवटाला बसलेल्या असतात. हायबरनेशन, सिस्टिम रिस्टोर आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून पुन्हा प्रयत्न केला की बहुधा सोडतं. मोकळी झालेली जागा तशीच रिकामी ठेवा, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका. तिची आखणी इन्स्टॉलर करेल.

विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' ही ओळही वाचा. तिथे यूईएफआय हवं. लेगसी लिहिलेलं असेल तर विंडोज जुन्या पद्धतीनं बसलेलं आहे, आणि वर सांगितलेली देवडी त्या वाड्यात नाहीच; हा लेख तुमच्यासाठी इथेच थांबतो, आधी जाणत्याला दाखवा. इन्स्टॉलरला डिस्क दिसलीच नाही तर बायोसमध्ये डिस्कचा मोड इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी असण्याची शक्यता असते. तो एएचसीआय करावा लागतो, पण नुसता बदलला तर विंडोज उठत नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करूनच बदलायचा.

आता देवडी. विंडोज स्वतः बसवताना ईएफआय पार्टिशन साधारण १०० एमबीचं करतं. सिल्व्हरब्लूला तेवढ्यात भागतं, कारण त्याचे कर्नल (लिनक्सचा सगळ्यात आतला भाग) वेगळ्या बूट पार्टिशनमध्ये राहतात. पण जागा असेल तर मी इन्स्टॉलरमध्ये हातानं आखणी करून लिनक्ससाठी ६०० एमबीची स्वतंत्र ईएफआय करतो. एकाच डिस्कवर दोन देवड्या चालतात. इथे एक खास खाचखळगा आहे: तुमच्याकडे आधीच साधं, म्हणजे इमेज-आधारित नसलेलं, फेडोरा असेल आणि शेजारी सिल्व्हरब्लू किंवा बझाइट बसवत असाल, तर ही सगळी मंडळी देवडीत 'फेडोरा' याच नावाचा कोनाडा वापरतात. दुसरा आला की पहिल्याचं सामान बाहेर. तिथे वेगळी ईएफआय ही हौस नाही, गरज आहे.

काही इमेज-आधारित सिस्टिम वाटणी मानतच नाहीत. ओपनसुसे एऑनचा इन्स्टॉलर अख्खी डिस्क घेतो. शेजारी नांदायचं असेल तर असे उमेदवार आधीच वगळा.

प्रत्यक्ष बसवणं

हा भाग सगळ्यात छोटा. सिल्व्हरब्लूसाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर फेडोरा मीडिया रायटरनं इमेज लिहायची, लॅपटॉप सुरू करताना एफ१२ (कंपनीप्रमाणे एफ९, एफ२ किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्हवरून उठवायचं. एकाच प्रश्नाला बोट थबकलं पाहिजे: कोणती जागा वापरू? 'मोकळी जागा' म्हणायचं. 'पूर्ण डिस्क' किंवा 'सगळं पुसा' असं जिथे लिहिलंय तिथे हात मागे घ्यायचा.

त्याआधी एक रंगीत तालीम करा. सिल्व्हरब्लूचा पेनड्राइव्ह थेट इन्स्टॉलरमध्ये उघडत आला आहे, आधी वापरून बघायची सोय त्यात नसते. म्हणून साधं फेडोरा वर्कस्टेशन पेनड्राइव्हवरून चालवून बघा. काही न बसवता वाय-फाय, आवाज, टचपॅड चालतात का ते कळतं. कर्नल तोच, त्यामुळे जे तिथे चाललं ते इथेही चालेल. काही ब्रॉडकॉम वाय-फाय चिप इथेच पाय मोडून बसतात, ते आधी कळलेलं बरं.

ब्लूफिन किंवा बझाइट घेतलं आणि सिक्युअर बूट चालू असलं तर पहिल्यांदा उठताना एक निळा पडदा किल्ली नोंदवायला सांगतो आणि पासवर्ड विचारतो. तो 'युनिव्हर्सलब्लू', इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान आणि मधे जागा न सोडता. दहा सेकंदांत निर्णय घेतला नाही तर पडदा निघून जातो आणि माणूस शोधत बसतो.

सुरू झाल्यावर मेनूत विंडोज दिसलं नाही तर छातीत धस्स होऊ देऊ नका. अलीकडच्या आवृत्त्यांत ते दिसेलच याची खात्री नसते. विंडोज जागेवरच असतं. एफ१२ दाबून निवडायचं.

साडेपाच तासांचा घोटाळा

चार दिवसांनी भाऊजींचा फोन. "अरे, टॅली आज कालची तारीख दाखवून राहिलं ना."

रात्री उशिरापर्यंत रिटर्न भरत बसले होते. विंडोज यंत्रातल्या घड्याळाला स्थानिक वेळ मानतं, लिनक्स त्यालाच जागतिक प्रमाणवेळ मानतं. आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. लिनक्सनं घड्याळ आपल्या रिवाजानं लावलं, विंडोजनं ते आपल्या रिवाजानं वाचलं. रात्री दोन वाजता तिथे आदल्या दिवसाचे साडेआठ. लिनक्सला 'घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव' असं एका आज्ञेनं सांगता येतं. मी ते त्याच दिवशी करायला हवं होतं. विंडोजची डिस्क काढून बसवल्यामुळे शेजारी कोणी राहतं हे इन्स्टॉलरलाही कळलं नव्हतं.

"पण प्रिंटर?"

हा प्रश्न येतोच. नवे वाय-फाय प्रिंटर बहुधा काही न करता चालतात. त्रास जुन्यांचा. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर आहे, त्याचा लिनक्स ड्रायव्हर साध्या लिनक्सवरही रडवतो. इथे गाभ्यात फायली टाकता येत नाहीत म्हणून दुप्पट रडवतो. भाऊजींकडे नेमका तोच आहे. दोन संध्याकाळी घालवून मी हात टेकले. प्रिंट विंडोजमधून निघते.

मराठी टायपिंग सोपं आहे. सेटिंगमध्ये कीबोर्ड म्हणून मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट सुरू. जुन्या फाँटांतल्या फायली असतील तर तो फाँट तुमच्या खात्याच्या फाँट-फोल्डरमध्ये टाकता येतो, गाभ्याला हात न लावता. फाइल वाचता येईल. पण त्या फाँटांसाठीचं खास टायपिंग सॉफ्टवेअर विंडोजचंच, तेव्हा कोर्टाच्या टंकलेखनाचं काम असेल तर ते तिकडेच.

इंटरनेटचा हिशोबही धरा. सिल्व्हरब्लू बदललेल्या फायलीच उतरवतं. ब्लूफिन, बझाइटची अपडेट मोठमोठ्या गठ्ठ्यांतून (कंटेनरच्या थरांतून) येतात आणि एका वेळी जीबीच्या पुढे सहज जातात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जगत असाल तर त्या दिवशीचा डेटा संपलाच. सेटिंगमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचं, म्हणून नोंदवा.

आणि विंडोज १० उरलंय त्याचं काय? ते आता जुनं झालेलं घर आहे. कपाट ठेवा, पाहुणे आणू नका. टॅली, सही, प्रिंट. बँक आणि मेल तिकडून उघडायचे नाहीत, हे भाऊजींना तीनदा सांगितलं.

नकोच वाटलं तर परतीचा रस्ताही आहे. डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सची पार्टिशनं काढायची, सी ड्राइव्ह परत वाढवायचा, बायोसमध्ये विंडोज पहिल्या क्रमांकावर आणायचं. वेगळी डिस्क असेल तर नुसती काढून ठेवायची.

खालची ओळ

मार्चअखेरीच्या घाईत मी मुद्दाम त्यांच्याकडे फिरकलो नव्हतो. एप्रिलमध्ये गेलो तेव्हा बोलता बोलता कळलं की एका अपडेटनंतर वाय-फाय गेला होता. फोन का नाही केला, विचारलं.

"काहाले? सुरू करताना दोन ओळी येते ना. वरची नवी, खालची जुनी. खालची दाबली, वाय-फाय आला. पुढच्या हप्त्यात नवीन आलं, ते बरोबर होतं."

त्या दोन ओळींच्या शेवटी ओएसट्री:० आणि ओएसट्री:१ असं लिहिलेलं असतं. चांगली चाललेली एखादी प्रत कायमची राखून ठेवायची असेल तर ती पिन करता येते, म्हणजे पुढची अपडेट तिला झाडून टाकत नाहीत. हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. लॅपटॉप पुढे ओढला, प्रत पिन केली. झाकण मिटलं तेव्हा वर चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी दिसली, ताईच्या अक्षरात: 'वरची ओळ नाही चालली तर खालची. टॅलीसाठी एफ१२. बँक इकडेच.'